एकदा तरी पिल्ले होऊ द्यायची?

घरात लॅब्रेडॉरची मादी असली, की ती वर्षाची होते न होते तोच तिच्यासाठी स्थळे सुचवली जाऊ लागतात. शेजारच्या बिल्डिंगमध्ये नर असतो, मुलांना पिल्ले हवी असतात आणि कोणी तरी ठामपणे सांगते, “एकदा तरी आई होऊ द्या तिला, नाही तर आजारी पडेल.” पिल्लांना पैसे बरे येतात, हा हिशेबही हळूच मनात डोकावतो.

हे गणित कुठे चुकले, ते साधारण ६३ दिवसांनी कळते. लॅब्रेडॉरला एका वेळी सहा-आठ पिल्ले होणे ही नेहमीचीच गोष्ट. पहिले दोन-तीन आठवडे सगळे आई बघते. मग पिल्ले चालू लागतात आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये फरशी पुसण्याला अंत राहत नाही. खाणे, जंतांचे औषध, लसी. त्यात हयगय झाली, तर पार्व्होची धास्ती. उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन पिल्ले बघता बघता दगावतात. यातले बहुतेक काम घरातल्या बाईच्याच वाट्याला येते, हे वेगळे सांगायला नको.

आणि “आमच्यासाठी एक ठेवा हं” म्हणणारे? ऐनवेळी कोणाच्या मुलाची दहावी असते, कोणाची बदली होते, कोणाच्या सासूबाईंना घरात कुत्रे चालत नाही. नर आधी उचलले जातात. माद्या मागे राहतात, कारण त्यांची ‘पुढची कटकट’ कोणालाच नको असते. मग एखादी कोणाच्या तरी फार्महाउसवर जाते, एखादी बाजाराच्या कोपऱ्यावर सोडली जाते. घरात वाढलेल्या पिल्लाला रस्त्यावर जगता येत नाही. जे जगते, ते पुन्हा व्यायते.

एकीकडे रस्त्यावरची कुत्री पकडून त्यांची नसबंदी करणे, रेबीजची लस टोचून त्यांना परत त्याच गल्लीत सोडणे, हे काम देशभर चालते. जयपूरमध्ये ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने ते १९९४ मध्ये सुरू केले. २००१ मध्ये त्यासाठी केंद्राचे नियम झाले आणि २०२३ मध्ये ते नव्याने आले. कानाला खाच असलेले कुत्रे दिसले, तर त्याची शस्त्रक्रिया झाली आहे, असे समजावे. दुसरीकडे आपल्या हौसेची पिल्ले त्याच गल्लीत भर घालतात.

जाहिरातींचाही यात हात आहे. २००३ मध्ये हच मोबाइलच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि घरोघर पग हवा झाला. चपट्या नाकामुळे या जातीला श्वासाचा त्रास होतो आणि डोके मोठे असल्याने बाळंतपणात पुष्कळदा सिझेरियन करावे लागते, हे जाहिरातीत कुठून दिसणार! पिल्ले विकणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, असा नियम २०१७ पासून आहे. पण घरगुती विक्रीत तो कोण विचारतो?

आजारपणाची भीतीही उलटीच आहे. नसबंदी न केलेल्या मादीला उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. माजानंतर काही आठवड्यांनी ती फार पाणी पिऊ लागली, मरगळली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उशीर जिवावर बेतू शकतो. गर्भाशय आणि अंडाशय काढल्यावर हा धोका जवळपास राहत नाही. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाली, तर स्तनांच्या गाठींची शक्यताही खूप घटते. मात्र मोठ्या जातींत हाडांची वाढ होईपर्यंत थांबावे, असेही अनेक डॉक्टर सांगतात. तेव्हा वेळ त्यांनाच विचारून ठरवावी आणि तोवर माजाचे तीन आठवडे तिला एकटीला गच्चीवरही सोडू नये.

नराची शस्त्रक्रिया याहून सोपी असते. पण तिचे नाव काढले की घरातले पुरुषच कळवळतात!

मादीचे टाके दहा-बारा दिवसांत काढतात. तोवर तिने ते चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घालायची आणि उड्या मारू द्यायच्या नाहीत. पुढे वजन वाढू शकते, म्हणून खाणे थोडे कमी करायचे आणि संध्याकाळची फेरी चुकवायची नाही.