'द लाँग नाइट' या भागावरील चाहत्यांच्या प्रतिक्रिया

'द लाँग नाइट' हा 'गेम ऑफ थ्रोन्स' या अमेरिकी अद्भुतरम्य दूरचित्रवाणी मालिकेच्या आठव्या आणि अखेरच्या पर्वातील तिसरा भाग असून क्रमाने तो मालिकेचा ७० वा भाग होय. एचबीओ वाहिनीवर तो २८ एप्रिल २०१९ रोजी प्रथम प्रसारित झाला. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांनी लिहिलेल्या व मिगेल सापोचनिक यांनी दिग्दर्शित केलेल्या या भागात विंटरफेलच्या किल्ल्यासमोर जिवंत माणसे आणि मृतांचे सैन्य यांच्यात झालेली लढाई दाखवली आहे. ८२ मिनिटांचा हा भाग मालिकेतील सर्वांत दीर्घ भाग आहे. प्रसारणानंतर चाहत्यांमध्ये उमटलेल्या प्रतिक्रिया परस्परविरोधी होत्याच, शिवाय त्या एकाच गोष्टीविषयीही नव्हत्या. काहींची तक्रार चित्र दिसतच नसल्याची होती, काहींची दिसलेल्या युद्धनीतीविषयी होती, तर काहींची मालिकेने आठ वर्षे वाढवत नेलेल्या संकटाच्या शेवटाविषयी होती. पुढे या सर्व तक्रारी 'आठवे पर्व फसले' या एका सरसकट निष्कर्षात मिसळून गेल्या. त्यामुळे त्या सुट्या करून पाहणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

मालिकेचा पहिला भाग १७ एप्रिल २०११ रोजी दाखवला गेला. त्याच्या पहिल्या प्रसंगात राजघराणी नाहीत आणि सिंहासनही नाही. उत्तरेकडील बर्फाळ रानात गस्तीवर गेलेल्या तिघांना व्हाइट वॉकर गाठतात, असा तो प्रसंग आहे. हे मानवसदृश हिमजीव मेलेल्यांना उठवून आपल्या सैन्यात सामील करून घेतात. सत्तेसाठी चाललेली भांडणे क्षुल्लक असून खरे संकट उत्तरेकडून येत आहे, हे सूत्र मालिकेने पुढे सतत जागते ठेवले. भागाचे शीर्षकही कथाविश्वातील एका दंतकथेवरून घेतलेले आहे. हजारो वर्षांपूर्वी पडलेली आणि एक पिढीभर न सरलेली रात्र असा तिचा विषय आहे.

अपेक्षा वाढण्यास कथेबाहेरची कारणेही होती. सापोचनिक यांनी यापूर्वी 'हार्डहोम' (२०१५) आणि 'बॅटल ऑफ द बास्टर्ड्स' (२०१६) हे युद्धाचे भाग दिग्दर्शित केले होते आणि त्यांपैकी दुसऱ्यासाठी त्यांना दिग्दर्शनाचा एमी पुरस्कार मिळाला होता. सातवे पर्व ऑगस्ट २०१७ मध्ये संपल्यानंतर सुमारे वीस महिने नवा भाग आला नव्हता. या मधल्या काळात, एप्रिल २०१८ मध्ये, चित्रीकरण पथकाचे आभार मानणारी एक चिठ्ठी समाजमाध्यमांवर फिरली. उत्तर आयर्लंडमध्ये सलग ५५ रात्री उघड्यावर चित्रीकरण झाल्याचा उल्लेख तिच्यात होता. भागाचे एकही दृश्य बाहेर आलेले नसताना '५५ रात्री' हा आकडा मात्र चाहत्यांच्या तोंडी बसला.

आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मूळ कादंबरीमालेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि त्यानंतरचा खंड आलाच नाही. २०१३ मध्ये 'रेड वेडिंग' नावाने ओळखले जाणारे हत्याकांड पडद्यावर आले, तेव्हा कादंबऱ्या वाचलेल्यांना ते आधीच ठाऊक होते. अनेकांनी शेजारी बसलेल्या अजाण मित्रांचे चेहरे चित्रित करून ते जगाला दाखवले होते. २०१९ पर्यंत मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली होती. त्यामुळे वाचक आणि प्रेक्षक हा भेद उरला नाही व सर्वांचेच अंदाज सारख्याच अज्ञानावर उभे होते.

आदल्या आठवड्यातील 'अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स' हा भाग तर संपूर्णपणे लढाईच्या पूर्वसंध्येचा होता. शेकोटीभोवती जमलेली पात्रे, जेमी लॅनिस्टरने ब्रिएनला दिलेली सरदारकी, जुन्या वैऱ्यांमधील समेट हे सारे चाहत्यांनी निरोपाचे प्रसंग म्हणून पाहिले. कोण मरणार याच्या याद्या आठवडाभर तयार होत राहिल्या.

प्रसारणाच्या रात्री अमेरिकेत थेट वाहिनीवर सुमारे १ कोटी २० लाख, तर पुनःप्रसारण आणि स्ट्रीमिंग धरून १ कोटी ७८ लाख प्रेक्षकांनी हा भाग पाहिला. तोपर्यंतचा तो मालिकेचा उच्चांक होता. ट्विटरवर या भागाविषयी सुमारे ७८ लाख ट्वीट झाले. कोणत्याही कथाधारित मालिकेच्या एका भागासाठी ही तोवरची सर्वांत मोठी संख्या होती.

काळोखाविषयीची तक्रार

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार कथेविषयी नव्हती, चित्राविषयी होती. पडद्यावर कोण कोणाशी लढत आहे हे कळत नसल्याचे असंख्य प्रेक्षकांनी प्रसारण चालू असतानाच लिहिले. जवळजवळ पूर्ण काळी चौकट आणि तिच्याखाली 'माझे आवडते दृश्य' अशी ओळ, या धर्तीचे विनोद त्या रात्री सर्वत्र पसरले.

छायालेखक फॅबियन वॅगनर यांनी मुलाखतींतून या टीकेला उत्तर दिले. काळोख हेतुपुरस्सर होता, लढणाऱ्यांची दिशाहीनता प्रेक्षकालाही जाणवावी हा त्यामागचा विचार होता आणि आपण चित्रित केलेले दृश्य फार अंधारे नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. बऱ्याच लोकांना आपला दूरचित्रवाणी संच नीट जुळवून घेता येत नाही, असेही ते म्हणाले. हे विधान चाहत्यांना झोंबले, कारण दोष प्रेक्षकाच्या माथी मारला जात असल्याची भावना त्यातून निर्माण झाली.

वस्तुतः दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते आणि त्यांच्यामध्ये प्रसारणतंत्राचा प्रश्न होता. डिजिटल चित्रफीत घरापर्यंत पोचवताना तिचे मोठ्या प्रमाणावर कॉम्प्रेशन केले जाते. प्रत्येक चौकटीचे लहान चौकोनांत विभाजन होते आणि आधीच्या चौकटीपेक्षा जेवढे बदलले तेवढेच शक्यतो पाठवले जाते. स्थिर भिंतीसमोर दोन माणसे बोलत असतील तर बदल थोडा असतो व माहितीही थोडी लागते. येथे मात्र हिमवादळ, धूर, ज्वाळा आणि हजारो हलती शरीरे असल्यामुळे प्रत्येक क्षणी जवळजवळ सगळेच बदलत होते. ठरलेल्या मर्यादेत एवढी माहिती बसत नाही, तेव्हा काटछाट होते आणि ती प्रामुख्याने गडद भागांत होते, कारण तेथील सूक्ष्म फरक डोळ्याला कमी जाणवतात असे गृहीत धरलेले असते. परिणामी काळ्याच्या निकट असलेल्या अनेक छटांच्या मोजक्याच पायऱ्या उरतात आणि अंधारात पट्टे किंवा चौकोन दिसू लागतात. त्यातच पहिल्या रात्रीच्या गर्दीत इंटरनेटचा वेग घटला, की स्ट्रीमिंग सेवा चित्राची प्रत आपोआप उतरवतात. रंगसंस्करण अंधाऱ्या खोलीत, काटेकोरपणे जुळवलेल्या मॉनिटरवर होते. प्रेक्षकाच्या बैठकीच्या खोलीत दिवा चालू असतो.

काळोखाचा सर्वांत परिणामकारक उपयोगही याच भागात आहे, हे बहुतेक टीकाकारांनी मान्य केले. मेलिसांद्रे दोथराकी घोडेस्वारांच्या तलवारी मंत्राने पेटवते आणि हजारो ज्वाळा अंधारात दौडत जातात. दूरवरून पाहणाऱ्यांना त्या एकेक करून विझताना दिसतात. या प्रसंगात शत्रू दिसत नाही आणि दिसण्याची गरजही भासत नाही.

युद्धनीतीवरील आक्षेप

चित्र ज्यांना दिसले त्यांच्यापैकी अनेकांनी लढाईच्या आखणीवर बोट ठेवले. शत्रू कोठे आहे हे ठाऊक नसताना घोडदळ अंधारात सोडणे, दगडगोळे फेकणारी यंत्रे तटाबाहेर पायदळाच्याही पुढे मांडणे, खंदक सैन्याच्या पाठीमागे ठेवणे या गोष्टी लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी तपशीलवार खोडून काढल्या. मृतांना उठवणाऱ्या शत्रूपासून वाचवण्यासाठी बायकामुलांना पूर्वजांच्या थडग्यांच्या तळघरात ठेवण्याचा निर्णय तर उपहासाचा विषय झाला. तेथे पुढे जे घडते त्याचा अंदाज चाहत्यांनी आठवडाभर आधीच बांधला होता.

बचाव करणाऱ्यांनी आदल्या भागातील मसलतीची आठवण करून दिली. मृतांच्या सैन्याला हरवणे अशक्य असल्याने ब्रॅनला आमिष म्हणून ठेवून नाइट किंगला पुढे ओढायचे, एवढाच बेत होता आणि बाकीची लढाई वेळ काढण्यासाठी होती. हा बचाव तळघराला मात्र लागू पडत नाही.

आर्या स्टार्क आणि नाइट किंगचा अंत

सर्वांत खोल मतभेद शेवटाविषयी होते. देवराईतील झाडाखाली नाइट किंग ब्रॅनसमोर उभा असताना आर्या स्टार्क मागून झेप घेते. तो तिचा गळा आणि हात पकडतो, ती खंजीर एका हातातून सोडून दुसऱ्या हाताने झेलते आणि त्याला भोसकते. तो फुटताच त्याचे सगळे सैन्य कोसळते. शिकागोतील बर्लिंग्टन बारमध्ये जमलेल्या प्रेक्षकांची या क्षणाची चित्रफीत बरीच गाजली. तिच्यात श्वास रोखून बसलेली गर्दी एकदम उसळून ओरडताना दिसते.

समर्थकांच्या मते या क्षणाची पेरणी जुनी होती. तिसऱ्या पर्वात मेलिसांद्रेने आर्याला सांगितलेले तपकिरी, निळ्या आणि हिरव्या डोळ्यांचे भाकीत, मृत्यूच्या देवतेला आज नकार द्यायचा हा पहिल्या पर्वातील तिच्या तलवारगुरूचा धडा आणि सातव्या पर्वात ब्रॅनने तिला त्याच देवराईत दिलेला खंजीर हे सारे दुवे येथे जुळतात. नाइट किंगला आर्याच मारणार हे सुमारे तीन वर्षांपूर्वीच ठरले होते, असे लेखकद्वयीने सांगितले. जॉन स्नोकडून ते सर्वांनाच अपेक्षित होते आणि म्हणूनच त्यांना ते योग्य वाटले नाही.

विरोधकांच्या नेमके हेच पचनी पडले नाही. जॉनला मेलेल्यातून परत आणले गेले होते आणि नाइट किंगशी त्याची नजरानजर 'हार्डहोम'पासून रंगवलेली होती. या भागात तो एका मृत ड्रॅगनसमोर अडकून पडतो. धक्का देण्यासाठी अपेक्षा मोडणे आणि कथेच्या ओघात ती मोडणे यांत फरक आहे, असा हा आक्षेप होता. आर्या इतक्या वॉकरांच्या कड्यातून आत कशी आली, हेही विचारले गेले. ती येण्याच्या क्षणभर आधी एका वॉकरचे केस वाऱ्याने हलतात, एवढाच मालिकेचा खुलासा आहे. जॉनची ड्रॅगनसमोरची आरोळी म्हणजे आर्याला दिलेला इशारा होता, असा तर्क काही चाहत्यांनी लढवला. अशा तर्कांतून अपेक्षाभंगाची डागडुजी चाललेली दिसते. आर्याची भूमिका करणाऱ्या मेझी विल्यम्स यांनाही संहिता वाचल्यावर, प्रेक्षक हे स्वीकारणार नाहीत, अशी धास्ती वाटली होती. आर्यावरील टीकेतील काही भाग निव्वळ ती मुलगी असल्यामुळे होता. मात्र सगळा विरोध त्या खात्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल.

त्याहून गंभीर प्रश्न संकटाच्या अर्थाविषयी होता. नाइट किंगला काय हवे होते, याचे उत्तर न मिळताच तो संपला आणि सिंहासनाच्या भांडणासाठी अजून तीन भाग शिल्लक होते. ज्या भांडणाला मालिकेने आठ वर्षे क्षुल्लक म्हटले, तेच आता अखेरचे ठरणार हे या रात्री स्पष्ट झाले.

वाचलेली पात्रे

थिऑन ग्रेजॉय, जोराह मॉर्मंट, बेरिक, एड आणि लहानगी लियाना मॉर्मंट या लढाईत मरतात आणि पहाटे मेलिसांद्रेही देह ठेवते. थिऑनचा शेवट आणि राक्षसाच्या मुठीतून त्याच्या डोळ्यात शस्त्र खुपसणारी लियाना या प्रसंगांची जवळजवळ एकमुखाने प्रशंसा झाली. परंतु प्रमुख पात्रे मृतांच्या ढिगाखाली दिसूनही पुढच्या दृश्यात जिवंत असतात, याबद्दल नाराजी होती. आपल्याला आणखी पात्रे मारायची होती, असे सापोचनिक यांनी नंतर मुलाखतीत सांगितले. पुढच्याच भागात निम्मे सैन्य शिल्लक असल्याचे दाखवल्यावर ही नाराजी थट्टेत बदलली.

भारतातील प्रसारण

भारतात हा भाग हॉटस्टारवर अमेरिकेच्या बरोबरीने, म्हणजे सोमवार, २९ एप्रिल रोजी सकाळी साडेसहाला उपलब्ध झाला. त्याच दिवशी लोकसभा निवडणुकीच्या चौथ्या टप्प्यात मुंबईतील सहा मतदारसंघांसह महाराष्ट्रातील १७ मतदारसंघांत मतदान होते. त्यामुळे तेथील अनेकांना सुटी होती. मुंबईत एप्रिलअखेरीस सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवतो. अमेरिकेत रात्री पाहण्यासाठी बेतलेला हा अंधार येथे लख्ख उजेडात पाहावा लागला, हा वेळेच्या फरकाचा परिणाम काळोखाच्या चर्चेत फारसा नोंदवला गेला नाही. 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' हा चित्रपट २६ एप्रिललाच प्रदर्शित झाला असल्याने, त्या सोमवारी समाजमाध्यमे टाळणाऱ्यांना दोन शेवटांपासून स्वतःला वाचवायचे होते.

नंतरचे पडसाद

२०१९ च्या एमी पुरस्कारांत या भागाला संकलन, ध्वनिसंपादन, ध्वनिमिश्रण आणि रमीन जवादी यांच्या संगीतासाठी पुरस्कार मिळाले. दिग्दर्शनासाठीचे नामांकन पुरस्कारापर्यंत पोचले नाही. आठवे पर्व नव्याने बनवावे, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन निवेदनावर मे २०१९ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्या मागणीने जोर धरला तो पुढील भागांनंतर.

काळोखाचा वाद मात्र संपला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' या पूर्वकथेच्या मालिकेतील 'ड्रिफ्टमार्क' हा भाग आला. त्याचेही दिग्दर्शन सापोचनिक यांचेच होते आणि काहीच दिसत नसल्याची तक्रार तशीच झाली. या वेळी एचबीओ मॅक्सच्या ग्राहक साहाय्य खात्याने प्रेक्षकांना उत्तर दिले, की मंद प्रकाश हा जाणीवपूर्वक घेतलेला सर्जनशील निर्णय होता.