सरकारी अटींना फुटलेली पालवी

ब्रिटनमधलं एखादं जंगल लांबून पाहून ते साधारण कोणत्या काळातल्या सरकारी नियमाखाली लावलं गेलं, हे तिथला मुरलेला वनाधिकारी सांगू शकतो. डोंगरावर पट्टीने आखल्यासारखी सरळ कड असलेलं, एकाच जातीच्या सूचिपर्णी झाडांचं गर्द हिरवं चौकोनी जंगल दिसलं, की ते बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन-चार दशकांतलं. ओक, बर्च, हेझल अशी सरमिसळ असली, मधे मोकळ्या जागा सोडलेल्या असल्या आणि कड ओढ्याच्या वळणाने गेलेली असली, तर ते अलीकडचं. माती तीच, पाऊसही तोच. बदलल्या त्या अनुदानाच्या अटी, आणि त्या अटींप्रमाणे डोंगरांचा चेहरा बदलला.

या कहाणीची सुरुवात युद्धात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या जेमतेम पाच टक्के जमिनीवर जंगल उरलं होतं. लाकूड जहाजांनी बाहेरून यायचं, त्यामुळे कुणाला चिंता नव्हती. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ही जहाजं बुडवायला सुरुवात केली, तेव्हा खंदकांना फळ्या आणि कोळशाच्या खाणीतल्या बोगद्यांना टेकू कुठून आणायचे, हा प्रश्न उभा राहिला. कोळशावाचून कारखाने नाहीत, नौदल नाही. म्हणून १९१९ मध्ये 'फॉरेस्ट्री कमिशन' स्थापन झालं. गंमत अशी, की याच इंग्रजांनी भारतात वनखातं १८६४ मध्येच उघडलं होतं. स्वतःच्या घरात मात्र त्यांना ते सुचायला आणखी पंचावन्न वर्षं आणि एक महायुद्ध लागलं.

नव्या आयोगाचा उत्साह दांडगा होता. पहिलं झाड कोण लावतं, यावर आयुक्तांमध्ये पैज लागली होती असं सांगतात. अध्यक्ष लॉर्ड लोव्हॅट स्कॉटलंडमधल्या लागवडीच्या जागी पोचले, तर तिथे तार येऊन पडलेली होती. दूर दक्षिणेला डेव्हन परगण्यातल्या एग्सफर्डला, ८ डिसेंबर १९१९ रोजी, लॉर्ड क्लिंटन यांनी बाजी मारली होती.

त्या काळी हवं होतं लाकूड, तेही लवकर. त्याला उत्तर सापडलं सिटका स्प्रूसमध्ये. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे झाड. त्याचं बी डेव्हिड डग्लस या वनस्पतिसंग्राहकाने १८३१ मध्ये ब्रिटनला पाठवलं होतं. गार वारा, भिजट आणि निकस माती, काहीही या झाडाला चालतं. चाळीसेक वर्षांत ते कापायला येतं. आज ब्रिटनमधल्या सूचिपर्णी जंगलाचा जवळजवळ निम्मा भाग या एका परदेशी झाडाने व्यापला आहे.

पैसा चुकीच्या जागी वळला की काय होतं, हे स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला दिसतं. तिथे 'फ्लो कंट्री' नावाचा अफाट दलदलीचा माळ आहे. हजारो वर्षांचं शेवाळ अर्धवट कुजून साठलेली काळी, ओली माती, म्हणजे पीट, तिथे काही ठिकाणी कित्येक मीटर जाड आहे. तिच्यात प्रचंड कार्बन कोंडलेला आहे. १९८० च्या दशकात कायद्याने असं ठरवलं होतं, की झाडं लावायचा खर्च उत्पन्नातून वजा करता येईल. सर्वांत वरच्या उत्पन्नावर कर होता साठ टक्के. म्हणजे श्रीमंताने लागवडीवर शंभर पौंड घातले, की साठ पौंडांचा कर वाचायचा, वर अनुदान वेगळंच. मग काय, कधी तो माळ पाहिलाही नसेल अशा लोकांच्या नावाने तिथे खोल नांगर फिरले, चर खणले गेले, पाणी काढून दिलं गेलं आणि ओळीने स्प्रूस उभे राहिले. पीट वाळायला लागलं, की त्यातला कार्बन हवेत जातो. त्या ओल्या माळावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जागाही गेली. झाड लावणं हे नेहमीच पुण्यकर्म असतं, या समजाला इथे तडा गेला.

१९८८ च्या अर्थसंकल्पात ही करसवलत बंद झाली. पुढे त्याच माळावरची झाडं तोडायला, चर बुजवायला आणि पाणी पुन्हा अडवायला सार्वजनिक पैसा लागला. २०२४ मध्ये फ्लो कंट्री जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आली. आता ५० सेंटिमीटरपेक्षा खोल पीटवर नवं जंगल लावायचं नाही, असं ब्रिटनचं वनमानक सांगतं. त्या एका ओळीमागे एवढा इतिहास आहे.

आता आजचं अनुदान कसं चालतं ते पाहू. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सुरू झालेल्या योजनेत किमान एक हेक्टर जंगल उभं करणाऱ्या जमीनमालकाला लागवडीचा खर्च पुढे हेक्टरी १०,२०० पौंडांपर्यंत मिळू लागला. त्याशिवाय निगराणीसाठी वर्षाला हेक्टरी ४०० पौंड, पंधरा वर्षं. जंगल नदीकाठी असेल, पूर अडवत असेल, लोकांना फिरायला खुलं असेल, तर त्याचे जादा पैसे वेगळे.

हे पैसे जातात कुठे, ते एका रोपाजवळ बसून पाहावं. हिवाळ्यात, झाड झोपलेलं असताना, गुडघ्याएवढं पानगळलेलं रोप आणतात. मुळांना माती नाही, नुसती काडी. कुदळीने जमिनीला चीर पाडायची, रोप आत सरकवायचं, टाचेने दाबायचं, अर्ध्या मिनिटाचं काम. पण मग त्याला नळी चढवावी लागते. ससा असेल तर साठ सेंटिमीटरची, रो जातीचं हरीण असेल तर सव्वा मीटरच्या आसपास. लांडगे ब्रिटनमधून शतकांपूर्वीच संपले, त्यामुळे हरणांना आवर घालणारं कुणी नाही. पुढची काही वर्षं बुंध्याभोवतीचं हातभर गवत काढायचं, नाहीतर ते पाणी ओढून घेतं आणि त्यात दडून उंदीर साल कुरतडतात. एवढं करून झाड मोठं झालं, की अमेरिकेहून आलेल्या करड्या खारी खोडाची साल सोलतात. रोपाची किंमत या सगळ्यात किरकोळ. पंधरा हप्ते आहेत ते राखणीचे.

याहून नवलाची अट पुढेच आहे. झाड न लावण्यालाही अनुदान मिळतं! जुन्या जंगलाला लागून असलेलं शेत नुसतं सोडून द्यायचं आणि निसर्गाला काम करू द्यायचं. यामागे भक्कम अनुभव आहे. केंब्रिजशरमधल्या मंक्स वुड जंगलाजवळचं चार हेक्टरांचं बार्लीचं एक शेत १९६१ मध्ये असंच सोडलं गेलं. आज तिथे ओकचं दाट जंगल आहे. लावणारा कोण? 'जे' नावाचा, कावळ्याच्या कुळातला पक्षी. थंडीची बेगमी म्हणून तो ओकची फळं जमिनीत पुरतो आणि त्यातली काही तशीच राहतात. काटेरी झुडपं आधी उगवतात आणि त्यांच्या आडोशाला ओकचं रोप हरणाच्या तोंडातून वाचतं. प्लॅस्टिकच्या नळीचं काम काटा फुकट करतो.

जंगल काय देतं, याचा एक मोजलेला पुरावा वेल्समधल्या पोंटब्रेनचा आहे. तिथल्या मेंढपाळ शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कुरणांच्या कडेने झाडांचे पट्टे लावले. संशोधकांनी मोजलं तेव्हा झाडांखालची जमीन, मेंढ्यांनी तुडवलेल्या काही मीटरवरच्या कुरणापेक्षा, साठपट वेगाने पाणी शोषत असल्याचं आढळलं. खाली राहणाऱ्या गावाच्या दृष्टीने हा पूर कमी करणारा पट्टा. म्हणूनच त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये, हा विचार पटतो.

तरीही शेतकरी कचरतो, आणि त्याचं कारण सरळ आहे. ब्रिटनमध्ये जंगल एकदा उभं राहिलं, की ते तोडायला परवाना लागतो आणि तोडल्यावरही बहुतेक वेळा पुन्हा लावावं लागतं. म्हणजे आज सही करणारा माणूस नातवाच्या वतीनेही ठरवत असतो. चारशे पौंड पंधरा वर्षांनी थांबतात, जंगल थांबत नाही. जंगल सांभाळण्यासाठी वेगळी अनुदानं आहेत ती याचसाठी. विरळणी केली नाही, जुनी झाडं बुंध्याशी कापून फुटवे येऊ दिले नाहीत, तर खाली ऊन पोचत नाही, आणि रानफुलं व फुलपाखरं निघून जातात.

एवढ्या शंभर वर्षांत ब्रिटनचं जंगल पाच टक्क्यांवरून सुमारे तेरा टक्क्यांवर आलं. चुका झाल्या, त्या नियमांत लिहून ठेवल्या गेल्या. आपल्याकडेही दर पावसाळ्यात कोट्यवधी रोपांची लागवड जाहीर होते. २०१९ मध्ये महाराष्ट्रात उद्दिष्ट होतं तेहतीस कोटींचं. पुढच्या वेळी असा आकडा ऐकाल तेव्हा खड्डे किती, हे विचारू नका. दुसऱ्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंतच्या राखणीला किती पैसे ठेवले आहेत, ते विचारा.