टेबलावरून उचला; फाडू नका

मावळातील एखाद्या पवना धरणग्रस्ताचा नातू वडगावच्या कचेरीत जाऊन आजोबांच्या जमिनीच्या निवाड्याची नक्कल मागू लागला, तर तेथील कारकुनापुढे जो पेच पडेल, तो संगणकापुढे क्षणोक्षणी पडत असतो. तोकड्या जागेत काय ठेवावे आणि काय हलवावे?

संगणकाची कामाची स्मृती कारकुनाच्या टेबलासारखी असते. हाताशी, पण अपुरी. उरलेले दप्तर तबकडीच्या कपाटात राहते. मजकुराची सारख्या मापाची पाने पाडून लागतील तेवढीच टेबलावर घ्यायची, ही रीत मँचेस्टरच्या ॲटलास यंत्राने 1962 साली आणली. टेबल भरले की नव्या पानासाठी जुने एखादे उठवावे लागते.

आधी आले ते आधी जावे, हा नियम वरकरणी न्याय्य वाटतो. पण त्यात नित्य लागणारे पानही केवळ जुने म्हणून जाते. या नियमाने टेबल वाढवूनही कपाटाकडच्या खेपा वाढू शकतात, हे आयबीएमचे लास्लो बेलाडी व त्यांचे सहकारी यांनी 1969 साली दाखविले. बारा मागण्यांच्या एका प्रसिद्ध उदाहरणात तीन जागांना 9 खेपा पडतात, तर चार जागांना 10! फार दिवस न हाताळलेले पान उचलावे, हा दुसरा नियम अधिक शहाणा. त्यात हा दोष नाही. सर्वांत उशिरा लागणारे पान काढावे, हा आदर्श नियम. पण त्यासाठी भविष्य ठाऊक असावे लागते.

कारकुनालाही भविष्य ठाऊक नसते. पवना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. अशा प्रश्नात पन्नास वर्षे कोणी न उघडलेला रुमालच एखाद्या दिवशी एका घराचा एकमेव आधार ठरतो. दुसऱ्या नियमाने तोच प्रथम उचलला जाईल. मात्र यंत्र उचललेले पान नष्ट करीत नाही. त्यात बदल झाला असेल, तर तो आधी तबकडीवर उतरवते आणि मगच जागा मोकळी करते.

आपल्या कचेऱ्यांनी घ्यावयाचा धडा हाच. मावळच्या पावसाळ्यात कागदाला ओल लागते, वाळवी लागते. म्हणून तो संगणकात उतरवणे इष्टच. परंतु नक्कल मुळाशी ताडून पाहिल्याविना आणि ती कोठे सापडेल याची नोंद केल्याविना मूळ कागद रद्दीत घालू नये. ‘सध्या लागत नाही’ याचा अर्थ ‘कधीच लागणार नाही’ असा होत नाही. एवढा विवेक यंत्राला शिकवता आला. तो आपण आपल्या दप्तरांना का नाकारावा?