भाचीसाठी कॅमेरा

धाकट्या बहिणीची मुलगी यंदा बारावी झाली. निकालाच्या दिवशी मी फोनवर मामाच्या थाटात विचारलं, "बोल, काय हवं?" वाटलं होतं, घड्याळ म्हणेल, फार तर नवा फोन म्हणेल. ती म्हणाली, "मामू, कॅमेरा. खराखुरा. फोन आहे माझ्याकडे." मी क्षणभर गप्प झालो. एक तर खिशाचा प्रश्न होता. दुसरं म्हणजे, कॅमेरा विकत घेण्याच्या बाबतीत माझा पूर्वेतिहास काही फारसा उज्ज्वल नाही.

तो आधी सांगून टाकतो. पुढचं सांगायचा मला कितपत अधिकार आहे, ते मग तुमचं तुम्ही ठरवा.

२००६ च्या डिसेंबरात याच बहिणीचं चिपळूणला लग्न होतं. रोलवाला फोटोग्राफर ठरलेला होताच; पण डिजिटल कॅमेऱ्याची तेव्हा नवी हवा होती आणि ती माझ्याही डोक्यात शिरली. दुकानात जाऊन मी एकच प्रश्न विचारला, "जास्तीत जास्त मेगापिक्सेल कशात आहेत?" दुकानदाराने ७ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुढे ठेवला. होते नव्हते ते पैसे त्यात गेले. "कार्ड वेगळं घ्यावं लागेल," तो म्हणाला. मी म्हटलं, पुढच्या पगाराला बघू. कॅमेऱ्याच्या पोटात १६ एमबी जागा होती आणि त्याचा एक फोटो साधारण ३ एमबीचा. म्हणजे किती फोटो? पाच. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस, हा भागाकार मी थेट मांडवात केला. एका पाहुण्याने आपलं कार्ड उसनं दिलं म्हणून निभावलं. मग सेल संपले. त्या कॅमेऱ्याला पेन्सिल सेल लागत, आणि साधे सेल घड्याळात वर्षभर चालले तरी कॅमेऱ्यात चाळीस-पन्नास फोटोंत मान टाकतात. वकील आणि साक्षीदार बहिणीची कबुली घ्यायला आत गेले, तिने होकार दिला, सही केली, तेव्हा मी नाक्यावरच्या वाण्याकडे सेल मागत उभा होतो.

त्याचं तेव्हा कुणाला फार वाटलं नाही. रोलवाल्याचा जाडजूड अल्बम घरात होता. पण २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि बहिणीचं तळमजल्याचं घर बुडालं. अल्बम कपाटाच्या खालच्या खणात होता, निगेटिव्हही तिथेच. पाणी ओसरल्यावर हाती आला तो गाळाचा एक गठ्ठा. भाची तेव्हा तेरा वर्षांची. तिने ती पानं स्वच्छ पाण्याच्या बादलीत भिजवून एकेक फोटो सोडवला, कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळवला. चार-पाच फोटोंत माणसं ओळखू येतात, एवढंच. बाकी उरले ते माझ्या कॅमेऱ्यातले ४३ फोटो. मुंबईला परतल्यावर ते मी सीडीवर उतरवून ठेवले होते. त्यांत मांडव आहे, देगी आहेत, हसणारी अम्मी आहे. बहीण सही करतानाचा फोटो नाही.

तेव्हापासून ही पोर मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे, जुन्या घरांचे फोटो काढत फिरते. म्हणून तिचं मागणं मला उडवून लावता येईना. मी दहा हजार काढले, थोरल्या भावाने सहा दिले, बहिणीने घरखर्चातून चार बाजूला ठेवले होते. झाले वीस हजार. या वेळी ते डोळे उघडे ठेवून खर्च करायचे होते. महिनाभर मी विचारत, वाचत, दुकानं पालथी घालत होतो.

पहिला प्रश्न सगळ्यांनी केला तोच. फोन असताना कॅमेरा कशाला? प्रश्न चुकीचा नाही. आजचा फोन एका क्लिकमध्ये भराभर अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर बसवतो, काळोखं उजळवतो, उजळलेलं आवरतो. घरातला वाढदिवस, सहल, एवढ्यासाठी फोन पुरे आहे, आणि ज्याला कॅमेरा द्यायचा त्याची गरज एवढीच असेल तर पैसे वाचवा. पण दूरचं जवळ आणायचं असेल, कोकणातल्या भर दुपारच्या उन्हात डोळा लावून नीट बघायचं असेल, उजेड किती घ्यायचा हे स्वतः ठरवायला शिकायचं असेल, तर कॅमेरा हवा. भाचीला शिकायचं आहे. माझा प्रश्न तिथे सुटला.

आता त्या मेगापिक्सेलचं बघू, कारण माझी पहिली फसगत तिथेच झाली. रोलच्या जागी डिजिटल कॅमेऱ्यात एक चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर लाखो बारीक बिंदू असतात. प्रत्येक बिंदू आपल्यावर पडलेल्या उजेडाचं विजेत रूपांतर करतो. अशी एक चकती अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये कल्पिली आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ मध्ये तसली चकती वापरून पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यात बिंदू किती? शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार. एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. गाणी भरायच्या कॅसेटवर फोटो भरलेला, ही गोष्ट मला फार आवडली.

दहा लाख बिंदू म्हणजे एक मेगापिक्सेल. मग जास्त बिंदू म्हणजे जास्त चांगला फोटो नव्हे का? पावसात अंगणात भांडी मांडून बघा. अंगण तेवढंच ठेवून घमेल्यांच्या जागी वाट्या मांडल्या, तर भांड्यांची संख्या वाढेल. पाणी वाढणार नाही, उलट एकेका वाटीत थेंबभरच पडेल. उजेडाचं तसंच आहे. अंगण मोठं हवं, म्हणजे सेन्सर मोठा हवा. खिशात मावणाऱ्या बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६ मिलिमीटर बाय साडेचार मिलिमीटरचा असतो, करंगळीच्या नखाहून लहान. लेन्स बदलता येणाऱ्या, शिकाऊ माणसाच्या डीएसएलआर कॅमेऱ्याचा सुमारे २२ बाय १५. क्षेत्रफळ काढलंत तर जवळजवळ बारापट. संध्याकाळी पडवीत बसलेल्या आजीचा फोटो काढताना हा फरक कळतो.

आणि बिंदू लागतात तरी किती? अल्बममध्ये लावतो तो फोटो चार बाय सहा इंचांचा. छापताना इंचाला तीनशे बिंदू धरले, तर १२०० गुणिले १८००, म्हणजे दोन मेगापिक्सेलहून थोडे जास्त. भिंतीवर लावायचा आठ बाय दहाचा फोटो सव्वासात मेगापिक्सेलमध्ये उत्तम निघतो. २००६ मध्ये मी ज्यासाठी जीव टाकला, त्यातले निम्म्याहून जास्त मला कधी लागलेच नाहीत.

हा आकड्यांचा मोह अजून संपलेला नाही. चार-पाच हजारांत '४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम' असं खोक्यावर लिहिलेले, अनोळखी नावांचे कॅमेरे इंटरनेटवर ढिगाने मिळतात. त्यांतल्या बहुतेकांत सेन्सर किरकोळ असतो. फोटो काढून झाल्यावर आतली यंत्रणाच तो फुगवून ४८ चा करते. दुधात पाणी घालून लिटर वाढवावेत तसं. झूमचंही तेच. भिंगं पुढे-मागे सरकून दूरचं जवळ येतं ते ऑप्टिकल झूम, हे खरं. डिजिटल झूम म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणं. ते काम तुम्ही घरी बसून फुकट करू शकता. खोक्यावर 'ऑप्टिकल' हा शब्द नसेल तर खोकं खाली ठेवा. भेट द्यायची म्हणून चकचकीत वेष्टन बघून असला कॅमेरा घेतला, तर घेणारं पोर आठ दिवसांत परत फोनकडे वळतं.

दुसरी एक हवा सध्या तरुण मुलांत आहे. २००५ ते २०१० मधले जुने खिशातले कॅमेरे शोधून वापरायचे. त्यांच्या रंगांना एक जुनेपण असतं, ते मुलांना भावतं. मला हसू आलं. मी ज्याला कंटाळून माळ्यावर टाकला, त्याला आता गिऱ्हाईक आहे! हौसेला हरकत नाही, कमी पैशांत होते. फक्त कार्ड कोणतं लागतं ते आधी बघा. ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांना एक्सडी नावाचं कार्ड लागे, सोनीच्यांना मेमरी स्टिक. ही कार्डं आता सहजी मिळत नाहीत. साधं एसडी कार्ड लागत असलं, तरी २००६ च्या आधीचे बहुतेक कॅमेरे २ जीबीच्या वरचं कार्ड ओळखत नाहीत. दुकानात कार्ड घालून, एक फोटो काढून, तो बाहेर घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वीस हजारांत नवा, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा बसेना. म्हणून मी वापरलेल्याकडे वळलो. भेटवस्तू जुनी कशी द्यायची, असं बहिणीला वाटलं. मी तिला म्हटलं, अब्बांनी मला दिलेली सायकलही जुनीच होती. मुंबईत फोर्टात, बोरा बाजारच्या आसपास कॅमेऱ्यांची जुनी दुकानं आहेत. तिथे मला २०१६ साली आलेला कॅननचा १३००डी दिसला. १८ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ ची लेन्स. १८ वर अख्खी पडवी मावते, ५५ वर एकाच चेहऱ्यावर जाता येतं.

वापरलेला कॅमेरा पारखायचा कसा, हे तिथल्याच एका वयस्कर कारागिराने मला शिकवलं. लेन्स काढून तिच्यातून टॉर्चचा उजेड पाडायचा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. लेन्स परत करायची. बारीक धूळ असली तर चालते. पांढऱ्या कागदाचा फोटो काढायचा, काळे ठिपके दिसतात का बघायचं. लेन्सला झाकण लावून काळोखाचा फोटो काढायचा. त्यात लाल-निळे ठिपके चमकले तर सेन्सरचे काही बिंदू बिघडलेले. बॅटरी सपाट टेबलावर ठेवायची. फुगलेली असेल तर डुगडुगते. आणि आतापर्यंत किती फोटो निघालेत ते विचारायचं. डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला एक पडदा खरोखर उघडतो आणि मिटतो, त्यालाही आयुष्य असतं. या वर्गातल्या कॅमेऱ्यांत ते साधारण एक लाख फोटोंचं धरतात. काही कॅमेऱ्यांत हा आकडा फोटोच्या फाईलमध्येच असतो, काहींत कॅमेरा संगणकाला जोडून बघावा लागतो. माझ्या दुकानदाराने जोडून दाखवला. एकोणीस हजार निघाले. लग्नं काढणाऱ्या फोटोग्राफरचा नव्हे, कुणा हौशी माणसाचा कॅमेरा असणार.

घासाघीस करून साडेपंधरा हजारांना सौदा झाला. या वेळी उरलेले पैसे कशासाठी हे आधीच लिहून नेलं होतं. ६४ जीबीचं कार्ड आठशे, दुसरी बॅटरी बाराशे, हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या साडेतीनशे. या डब्याला कोकणात फार महत्त्व आहे. चार महिने हवेत इतकी ओल असते, की कपाटात चामडी पिशवीत जपून ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. डब्यात पुड्या टाकून ठेवायचं आणि अधूनमधून बाहेर काढून वापरायचं. वापरातल्या कॅमेऱ्याला बुरशी कमी धरते. दोन हजार दीडशे उरले ते फोटो छापायला ठेवले.

चिपळूणला जाऊन तिच्या हातात दिला तेव्हा तिने आधी वजन बघितलं, मग डोळा लावला आणि आईकडे वळवला. "थांब, ओढणी नीट करू दे," बहीण म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून, "भाई, सेल आणलेस ना?"

भाचीला मी एकच काम लावून दिलं आहे. कार्ड म्हणजे कपाट नव्हे. ते बिघडतं, हरवतं. म्हणून दर शनिवारी फोटो संगणकावर उतरवायचे, आणि महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर भरून मुंबईला माझ्याकडे पाठवायचे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. पहिला पेनड्राइव्ह मागच्या महिन्यात आला. ३१२ फोटो. त्यांतले निम्मे मांजरीचे आहेत.