‘फुल इन्शुरन्स’ म्हणजे नक्की काय? गाडीच्या विम्याचे प्रकार आणि डेटामधला एक सापळा



पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी माझी पहिली प्रश्नावली तयार केली. विषय होता गाडीचा विमा आणि अपघात. त्यात एक प्रश्न असा होता : ‘तुमच्या गाडीला फुल इन्शुरन्स आहे का? हो / नाही.’ चाचणी म्हणून ती आधी घरच्यांनाच भरायला दिली. मामाने ‘हो’वर टिक केली.

त्यानंतर जुलैमध्ये मामाच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं. ओसरल्यावर त्याने गाडी चालू होते का ते बघायला दोन-तीनदा स्टार्टर मारला आणि इंजिन कायमचं बसलं. विमा कंपनीने सीट आणि वायरिंगचे पैसे दिले, इंजिनाचे नाकारले. मामा मला म्हणाला, "अगं, फुल इन्शुरन्स होता ना माझा?"

इकडे माझ्या गाइडनी प्रश्नावली परत दिली. मॅडमनी त्या प्रश्नाखाली लाल पेनने एवढंच लिहिलं होतं : ‘याचं उत्तर हो आलं, तर तुला नक्की काय कळलं?’

दोघांचाही प्रश्न खरं तर एकच होता. ‘फुल इन्शुरन्स’ नावाचा प्रकार कुठल्याच पॉलिसीवर छापलेला नसतो. म्हणून आज आधी विम्याचे प्रकार नीट समजून घेऊ आणि मग ते न समजता डेटा हातात घेतला तर काय चुकतं ते बघू.

१. नुकसान कोणाचं?

प्रकार पाठ करण्याऐवजी प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा : यात भरपाई कोणाच्या नुकसानीची होते?

*थर्ड पार्टी.* तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. करारातले पहिले दोन पक्ष म्हणजे तुम्ही आणि विमा कंपनी, तिसरा म्हणजे रस्त्यावरचा तो माणूस. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मृत्यू किंवा दुखापत झाली तर भरपाईची रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी खासगी कारला साडेसात लाखांची मर्यादा असते. तुमच्या स्वतःच्या गाडीला मात्र यातून एक रुपयाही मिळत नाही.

याचा हप्ता कंपनी ठरवत नाही, सरकार जाहीर करतं आणि तो इंजिनाच्या सीसीवर अवलंबून असतो. जून २०२२ पासूनच्या दरांत १,००० सीसीपर्यंतच्या कारला २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा वार्षिक हप्ता ठरला. गाडी कोण चालवतं, कशी चालवतं, याचा त्यात काहीही संबंध नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*ओन डॅमेज.* तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान : अपघात, चोरी, आग, पूर, भूकंप, दंगल वगैरे. हा घ्यायचा की नाही ते तुमच्यावर आहे. २००७ पासून याचे दर कंपन्या स्वतः ठरवतात.

*काँप्रिहेन्सिव्ह.* वरच्या दोन्हींची एकत्र पॉलिसी. लोक जिला ‘फुल’ म्हणतात ती बहुतेक वेळा हीच. झीज, यांत्रिक बिघाड, दारू पिऊन किंवा वैध लायसन्स नसताना चालवलेली गाडी हे सगळं तिच्याही बाहेर असतं.

*वैयक्तिक अपघात विमा.* गाडीचा मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्या मृत्यूसाठी किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १५ लाखांचं संरक्षण.

*अॅड-ऑन.* काँप्रिहेन्सिव्हमधल्या एकेका भोकाला लावलेलं एकेक ठिगळ. झिरो डेप घसारा कापू देत नाही. रिटर्न टू इनव्हॉइस गाडी चोरीला गेली तर बिलाची किंमत देतो. आणि इंजिन संरक्षण, जे मामाकडे नव्हतं. पाणी शिरलेल्या इंजिनात स्टार्टर मारला की पिस्टन वर येतो, पण हवेसारखं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीचं म्हणणं असं, की हे नुकसान पुराने झालं नाही, गाडी सुरू केल्यामुळे झालं.

आणखी एक तपशील. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, पण ओन डॅमेज एका वर्षाचा घेता येतो. सप्टेंबर २०१९ पासून तो वेगळाही विकत मिळतो. म्हणजे एकाच गाडीच्या दोन भागांच्या तारखा वेगळ्या असू शकतात. ‘विमा कधी संपतो?’ असा एकच रकाना ठेवलात तर उत्तर देणारा गोंधळेल.

२. पैसे किती मिळतात?

इथे तीन शब्द महत्त्वाचे. पहिला आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत. गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर शोरूमच्या किमतीतून २० टक्के वजा होतात, चार ते पाच वर्षांची असेल तर ५० टक्के. गाडी चोरीला गेली तर याच रकमेच्या आसपास पैसे मिळतात. दुसरा घसारा : रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के, काचेवर शून्य. तिसरा सक्तीची वजावट : १,५०० सीसीपर्यंत प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये तुमचे.

उदाहरण घेऊ. १,२०० सीसीची कार, प्लॅस्टिकचा बंपर फुटला, किंमत १२,०००. मजुरी सोडून द्या. घसारा गेला ६,०००, वजावट १,०००. हातात ५,०००. झिरो डेप असता तर ११,०००.

आता यात नो क्लेम बोनस आणा. दावा न करता वर्षं गेली की ओन डॅमेजच्या हप्त्यात अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के सूट मिळते. एक दावा केला की शिडीवरून थेट खाली. समजा आपल्या गाडीमालकाला आज ३५ टक्के सूट आहे आणि सूट धरण्याआधीचा ओन डॅमेजचा हप्ता १०,००० रुपये आहे. दावा केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ टक्के, म्हणजे ४,५०० रुपये वाचतील. केला तर शून्य. त्याच्या पुढच्या वर्षी ५० टक्क्यांऐवजी २०, म्हणजे आणखी ३,००० गेले. मिळणार ५,००० आणि जाणार ७,५००. शहाणा माणूस काय करेल? गपचूप खिशातून पैसे भरेल.

पण झिरो डेप असलेला शेजारी? त्याला ११,००० मिळतात, म्हणून तो दावा करेल.

दोघांचाही बंपर सारखाच फुटला. कंपनीच्या नोंदीत मात्र अपघात एकाचाच झाला.

३. आता संशोधनाकडे

विम्याच्या अर्थशास्त्रातला मोठा प्रश्न आहे असममित माहितीचा : मी किती बेफिकीर चालक आहे हे मला माहीत असतं, कंपनीला नसतं. त्यातून दोन गोष्टी संभवतात. एक, ज्यांना आपण धोक्याचे आहोत हे माहीत आहे तेच जास्त संरक्षण घेतील. ही प्रतिकूल निवड. दोन, जास्त संरक्षण मिळाल्यावर माणूस सैल सुटेल. हा नैतिक धोका. दोन्हींचा परिणाम डेटामध्ये सारखाच दिसतो : जास्त संरक्षण, जास्त अपघात. त्यामुळे असा संबंध सापडला तरी कारण कोणतं ते त्यावरून लगेच कळत नाही.

हा संबंध तपासणारा अभ्यासकांना परिचित असलेला निबंध म्हणजे प्येर-आंद्रे शियापोरी आणि बर्नार सालानिए यांचा, २००० साली जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीत आलेला. त्यांनी फ्रान्समधल्या नवशिक्या चालकांचे विमा करार घेतले. तिथेही थर्ड पार्टी सक्तीचा आहे आणि त्यावरचं संरक्षण ऐच्छिक. वय, गाडी, प्रदेश अशी कंपनीला माहीत असलेली सगळी माहिती हिशोबात धरल्यावर जास्त संरक्षण आणि जास्त अपघात यांच्यात संबंध उरतो का, हे त्यांनी बघितलं. उरला नाही.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते त्यांच्या एका साध्या निर्णयाने. त्यांनी सगळे दावे मोजले नाहीत, फक्त ज्यात विमाधारकाची चूक ठरली असे अपघात घेतले. का? आपला बंपर आठवा. ज्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी आहे तो भिंतीला गाडी घासली तर कंपनीला कळवेल कशाला? दुसऱ्याला धडक दिली तर मात्र तो दुसरा भरपाई मागतोच, मग तुमच्याकडे कुठलाही विमा असो. म्हणजे त्यांनी असे अपघात निवडले, ज्यांची नोंद होणं विम्याच्या प्रकारावर फारसं अवलंबून नाही. हे सुचायला आधी विम्याचे प्रकार कळावे लागतात.

पुढे २००५ मध्ये अल्मा कोहेन यांनी इस्राएलमधल्या एका कंपनीचा डेटा बघितला. त्यांनी वजावटीची निवड घेतली : कमी वजावट म्हणजे जास्त संरक्षण. नव्या चालकांत संबंध दिसला नाही, पण तीन वर्षांहून जास्त अनुभव असलेल्यांत दिसला. माणसाला स्वतःचा धोकासुद्धा गाडी चालवता चालवताच कळतो, असा त्याचा एक अर्थ.

४. भारतात हा प्रश्न विचारायचा झाला तर

थर्ड पार्टीचा रकाना इथे निरुपयोगी. कायद्याने तो सगळ्यांना सारखाच आणि दर सरकारी. जिथे निवडच नाही, तिथे ‘कोणी काय निवडलं’ यावरून काही कळणार नाही. निवड दिसते ती ओन डॅमेजमध्ये आणि त्याहून जास्त अॅड-ऑनमध्ये. पण नेमकं तिथेच नोंदीचा सापळा आहे. झिरो डेपवाले जास्त दावे करतात असं दिसलं की लगेच ‘ते बेफिकीर आहेत’ असं लिहू नका. कदाचित ते फक्त दावा करायला परवडणारे लोक असतील.

माझी प्रश्नावली मी अशी बदलली : ‘फुल’ शब्द काढला. पॉलिसीचा कागद समोर ठेवून उत्तर द्यायला सांगितलं. ओन डॅमेज आहे का, कोणते अॅड-ऑन, बोनस किती टक्के, असे वेगळे रकाने केले. आणि ‘गेल्या तीन वर्षांत किती अपघात झाले?’ व ‘त्यांपैकी किती वेळा दावा केला?’ हे दोन स्वतंत्र प्रश्न केले.

तुमचा विषय विमा नसेलही. पीक कर्ज, शाळागळती, रुग्णालयातले केसपेपर, काहीही असो. हातातल्या प्रत्येक नोंदीला दोनच प्रश्न विचारा : ही नोंद व्हावी यात कोणाचा फायदा होता? आणि जे नोंदवलंच गेलं नाही ते कुठे गेलं?

सरावासाठी आज घरातल्या एका गाडीची पॉलिसी काढा आणि प्रत्येक ओळीसमोर ‘नुकसान कोणाचं?’ आणि ‘निवड कोणाची?’ एवढंच लिहा. मामाने नूतनीकरणाच्या वेळी हेच केलं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्या त्या कागदावर माझं ‘हो’ खोडून टाक."

खोडलं नाही. पहिल्या चुकीचा पुरावा म्हणून तो कागद फाइलमध्ये ठेवलाय.