पाहुणा आणि घरचा

परदेशी शिकावयास निघालेल्या मुलाविषयी आपण पहिला प्रश्न विचारतो तो विद्यालयाचा, दुसरा खर्चाचा. तो राहणार कोणाकडे, हा प्रश्न मागाहून येतो आणि तो बहुधा आईच विचारते. या तिन्ही प्रश्नांत आईचा प्रश्न अधिक मूलगामी आहे, असे मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. देशाची ओळख ग्रंथालयात होते, तशी स्वयंपाकघरातही होते. आणि कोवळ्या वयाच्या मुलाला दुसरीच ओळख जन्मभर पुरते.

ही गोष्ट नवी नाही. रवींद्रनाथ ठाकूर १८७८ साली विलायतेस गेले तेव्हा सतरा वर्षांचे होते. लंडनमध्ये ते स्कॉट नावाच्या डॉक्टरांच्या कुटुंबात राहिले. हिंदुस्थानातून कोणी मुलगा राहावयास येणार, या वार्तेने त्या घरातील दोन मुली आधीच नातेवाइकांकडे निघून गेल्या होत्या. हा प्राणी निरुपद्रवी आहे अशी खात्री पटल्यावरच त्या परतल्या असाव्यात, असे रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत विनोदाने नमूद केले आहे. परंतु लवकरच गृहिणी त्यांना पोटच्या मुलाप्रमाणे वागवू लागली. सायंकाळी पती घरी येण्याच्या सुमारास ती त्याची खुर्ची व लोकरी सपाता शेकोटीजवळ मांडून ठेवी. पतिपरायणता ही आपल्याच देशाची मिरास, ही त्यांची समजूत ते दृश्य पाहून ढासळली. कोणत्याही व्याख्यानाने हे काम इतक्या सहजतेने झाले नसते.

आता दुसरे चित्र पाहा. १८८८ साली मोहनदास गांधी लंडनला पोहोचले. वेस्ट केन्सिंग्टनमध्ये एका विधवा बाईंच्या घरी त्यांची सोय झाली. बाई भल्या होत्या. पण हा तरुण मांस न खाण्याची प्रतिज्ञा आईपाशी करून आलेला, आणि स्वभावाने कमालीचा भिडस्त. बाईंच्या मुली आग्रहाने पावाचा एखादा तुकडा जास्त वाढीत; अख्ख्या पावाची भूक असलेला हा मुलगा अधिक मागण्यास लाजे आणि अर्धपोटी उठे. पुढे कुटुंबात राहण्याचा खर्च परवडेना, तेव्हा त्यांनी स्वतंत्र खोल्या घेतल्या. येथे दोष कोणाचाच नव्हता. घर चांगले होते, मुलगाही चांगला होता. तरी तो शेवटपर्यंत पैसे देऊन राहणारा बिऱ्हाडकरूच राहिला. जेथे भूक सांगता येत नाही, तेथे माणूस पाहुणा असतो. जेथे सांगता येते, तेथे तो घरचा होतो. माझ्या विषयाचे सारे मर्म मला या एका भेदात दिसते.

या अनुभवाला योजनेचे रूप मिळाले ते विसाव्या शतकात. १९३२ साली डोनाल्ड वॉट या अमेरिकन गृहस्थांनी तरुणांची एक तुकडी युरोपात नेली. निरनिराळ्या देशांच्या मुलांना एका छावणीत एकत्र ठेवले की स्नेह जुळेल, अशी आरंभीची कल्पना होती. पण छावणीत मुले आपापल्या भाषेचे कोंडाळे करतात. कुटुंबात एकट्या मुलाला ती सोय नसते. म्हणून पुढे कुटुंब हाच त्या प्रयोगाचा गाभा झाला. दुसरी संस्था अमेरिकन फील्ड सर्व्हिस. दोन्ही महायुद्धांत जखमी सैनिकांना रणभूमीवरून वाहून नेणाऱ्या स्वयंसेवकांची ही संघटना. युद्ध संपल्यावर, जखमा बांधण्यापेक्षा त्या होऊच नयेत यासाठी काही करावे, या विचाराने तिने १९४७ पासून शाळकरी मुलांची देवघेव सुरू केली. तिच्या योजनेत यजमान कुटुंब सामान्यतः मोबदला घेत नाही. रोटरीच्या वर्षभराच्या योजनेत मूल बहुधा एकाहून अधिक कुटुंबांत राहते.

मुलांच्या मनाचे या काळात काय होते, याचाही अभ्यास झालेला आहे. स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ साली अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन शिष्यवृत्तिधारकांची पाहणी प्रसिद्ध केली. आरंभी उत्साह, मध्ये खिन्नता व एकटेपण, आणि शेवटी पुन्हा स्थैर्य, असा दरीसारखा आलेख त्यांना आढळला. पुढे १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने दाखविले की, मायदेशी परतल्यावर अशीच दुसरी दरी लागते. सर्वांनाच हा आलेख जसाच्या तसा लागू पडत नाही, हे नंतरच्या अभ्यासांवरून कळले; पण पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, तिसऱ्या महिन्यात आलेले रडवे पत्र किंवा आजच्या काळातला रडवा फोन, हा योजना फसल्याचा पुरावा नव्हे. तसेच परत आलेला मुलगा आपल्याच घरात अवघडून बसला, तर तो बिघडला असेही समजू नये.

परंतु प्रत्येक दुःख असे काळावर सोपवता येत नाही. घर बदलण्याची गरज खरोखर पडू शकते. म्हणून घराबाहेरचा, जबाबदार असा एक माणूस मुलाला ठाऊक असलाच पाहिजे, आणि तक्रार करणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे, हे त्याला निघतानाच सांगितले पाहिजे.

आता थोडे आपल्याकडे वळू. परक्या मुलाला जेवू घालणे महाराष्ट्राला नवे नाही. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या पुण्यासारख्या गावांत शिकल्या! सोमवारी एकाचे घर, मंगळवारी दुसऱ्याचे. या प्रथेने अनेकांना उभे केले, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण तिला जातीची कुंपणे होती. आणि वाराचा मुलगा पानावर बसला तरी घराच्या गप्पांत क्वचितच बसला, हेही मान्य केले पाहिजे. उलटपक्षी, जो मोठा पाहुणा येतो त्याला आपण देव मानतो, आणि देवाला कोणी ताट उचलावयास सांगत नाही. आश्रित आणि देव, या दोन्ही भूमिकांत माणूस घरचा होत नाही. यजमान कुटुंबाने करावयाचे ते याहून साधे व म्हणूनच अवघड आहे: मुलाला कामाचा वाटा द्यावा, चुकल्यास बोलावे, आणि त्याचे ऐकून घ्यावे. आपण मुले बाहेर पाठविण्यास उत्सुक असतो. बाहेरचे मूल वर्षभर आपल्या घरी ठेवण्यास कितीजण तयार होऊ, हा प्रश्न प्रत्येकाने घरी गेल्यावर स्वतःला विचारावा.

शेवटी एका घराची आठवण करून थांबतो. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेस पोहोचल्या, त्या न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या घरी. ओळख होती ती केवळ पत्रांची. आनंदीबाईंनी आपले लुगडे व शाकाहार सोडला नाही, आणि त्या घरानेही तो सोडावयास लावला नाही. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. १८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यात वारल्या. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, ती त्यांच्या माणसांच्या शेजारी ठेवलेली आहे. पाहुण्याला आपण निरोप देतो. घरच्या माणसाला जागा देतो.