नोंद मुंबईत, बाळंतपण गावी

शहर आणि सार्वजनिक आरोग्य : लेखांक ६

मागील लेखांकात मुंबई महानगरपालिकेच्या आरोग्यव्यवस्थेची उतरंड पाहिली. वस्तीपातळीवर ‘हेल्थ पोस्ट’ म्हणून ओळखले जाणारे आरोग्य केंद्र आणि दवाखाना, त्यावर प्रसूतिगृह, त्यावर उपनगरीय रुग्णालय आणि सर्वांत वर केईएम, शीव, नायर यांसारखी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली मोठी रुग्णालये, अशी ती रचना आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्येपैकी जवळपास ४२ टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहत होते आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरापासून यांपैकी एखादे रुग्णालय बस वा रिक्षाने गाठता येण्याजोगे होते. तरीही गोवंडी, मानखुर्द, धारावी किंवा मालवणीतील गरोदर स्त्रीला आणि तिच्या बाळाला अपुरी सेवा मिळते, ती का, हा या लेखांकाचा विषय आहे. याचे एक प्रमुख कारण असे की, माता-बालकांची आरोग्यसेवा कुटुंब दोन-अडीच वर्षे एकाच ठिकाणी राहील असे गृहीत धरून आखलेली आहे, तर शहरी गरीब कुटुंबाचे जगणे गाव आणि शहर अशा दोन ठिकाणी विभागलेले आहे.

एका नोंदीला अर्थ कधी येतो

गर्भधारणेपासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या काळाला ‘पहिले एक हजार दिवस’ असे म्हणतात, कारण शरीराची आणि मेंदूची वाढ या काळात सर्वाधिक वेगाने होते आणि तेव्हा राहून गेलेली उणीव पुढे पुरती भरून निघत नाही. या काळातील सेवांचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या १२ आठवड्यांत नोंदणी, त्यानंतर किमान ४ तपासण्या, धनुर्वात व घटसर्प यांवरील लस, लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या किमान १८० गोळ्या, दवाखान्यात बाळंतपण, प्रसूतीनंतर ४२ दिवस माता व नवजात बालक यांच्यावर देखरेख, सहा महिने निव्वळ स्तनपान, मग वरचा आहार, आणि दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत लसीकरणाचे टप्पे.

या प्रत्येक टप्प्याचे महत्त्व त्याच्या आधीच्या टप्प्याशी जोडलेले असते. गरोदरपणाच्या ३४ व्या आठवड्यात रक्तदाब १४०/९० आढळला, तर तो पूर्वीपासूनचा आहे की विसाव्या आठवड्यानंतर वाढला, हे जुन्या नोंदीवरूनच कळते. नंतर वाढलेला रक्तदाब आणि त्याच्या जोडीला लघवीतून जाणारी प्रथिने ही प्रीएक्लॅम्पसियाची, म्हणजे झटके येऊन आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकणाऱ्या विकाराची, खूण असते. गरोदर स्त्रीच्या रक्तातील हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय मानला जातो. मात्र ९ हा आकडा ७ वरून चढत आलेला आहे की ११ वरून घसरलेला आहे, यावर उपचाराची दिशा ठरते. बाळाच्या वजनाचेही तेच आहे. म्हणून ही साखळी मध्ये तुटली की एखादी भेट हुकते एवढ्यावर भागत नाही. आधी केलेल्या तपासण्यांचाही बराचसा उपयोग वाया जातो.

शंभर वर्षांपूर्वीचा आकडा

मुंबईत हा प्रश्न नवा नाही. बालमृत्यूदर म्हणजे एका वर्षात जिवंत जन्मलेल्या दर १,००० बालकांमागे वर्षाचे होण्याआधी दगावलेल्या बालकांची संख्या. १९२१ साली मुंबई शहरात हा दर ६०० च्या वर नोंदला गेला, आणि एका खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगारांच्या कुटुंबांत तो त्याहूनही अधिक होता. अंधाऱ्या चाळी, गर्दी, दूषित पाणी आणि आईचे लांबलचक कामाचे तास ही त्याची कारणे खरीच होती. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी त्याच दशकात स्त्री कामगारांच्या स्थितीची पाहणी केली, तेव्हा आई गिरणीत असताना मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देण्याची रूढी या वस्त्यांत सर्रास असल्याचे दिसून आले.

परंतु त्या आकड्यात एक गणिती गफलतही होती. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात आणि काही महिन्यांनी मूल घेऊन परतत. त्यामुळे जन्माची नोंद गावी होई किंवा होतही नसे, मात्र मूल मुंबईत दगावले तर मृत्यूची नोंद मुंबईत होई. भागाकाराचा छेद लहान आणि अंश मोठा राहिल्याने दर वास्तवापेक्षा फुगलेला दिसे. आजही याच प्रकारची अडचण उलट बाजूने जाणवते. ठाणे, पालघर, रायगड येथून शेवटच्या घटकेला पाठवलेल्या स्त्रिया मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत येतात आणि त्यांच्यापैकी कोणी दगावली तर तो मृत्यू मुंबईच्या रुग्णालयात घडलेला म्हणून दिसतो. माता मृत्यू गुणोत्तर, म्हणजे १ लाख जिवंत जन्मांमागे गरोदरपणात किंवा प्रसूतीनंतर ४२ दिवसांत त्याच कारणांनी होणारे मातामृत्यू, २०१८-२० या काळात महाराष्ट्रासाठी ३३ होते, तर देशासाठी ९७. राज्याची ही सरासरी समाधानकारक वाटली, तरी ती एखाद्या वस्तीतील स्थिती दाखवत नाही.

१९२० च्या दशकात कायद्याच्या पातळीवर एक महत्त्वाचे पाऊल पडले. मुंबई प्रांताने १९२९ साली प्रसूती लाभ कायदा केला आणि त्याआधी विधिमंडळातील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशा कायद्याचा पुरस्कार केला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. मात्र हे संरक्षण आस्थापनेत नोकरी करणाऱ्या स्त्रीसाठी आहे. घरकाम करणारी, घरी बसून जरीचे वा माळा ओवण्याचे काम करणारी, कचरा वेचणारी किंवा नाक्यावर उभी राहून बांधकामाची मजुरी मिळवणारी स्त्री प्रत्यक्षात त्याच्या बाहेरच राहिली.

गावी जाण्यामागचा हिशेब

आज गिरण्या नाहीत आणि स्थलांतराची दिशाही विस्तारली आहे. उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाडा, विदर्भ, कोकण अशा सर्व बाजूंनी आलेली कुटुंबे एकाच गल्लीत राहतात. गरोदर स्त्री सातव्या-आठव्या महिन्यात गावी जाते, याला अज्ञान म्हणणे सोपे असले तरी चूक आहे. दहा बाय बाराच्या खोलीत बाळंतिणीला निजायला जागा नसते, पहाटे येणारे पाणी भरायला दुसरे कोणी नसते, थोरल्या मुलाला सांभाळणारी सासू वा आई गावी असते आणि नवऱ्याने खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी जाते. माहेरी मिळणारा आराम, शेक, डिंक-मेथीचे लाडू आणि दोन हातांची मदत यांची तरतूद कोणत्याही सरकारी योजनेत नसते. स्त्रीच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचाच आहे.

अडचण सुरू होते ती नोंदीपाशी. मुंबईतील आरोग्य केंद्रात तिचे नाव घातलेले असते, परंतु प्रसूती दुसऱ्या जिल्ह्यात वा दुसऱ्या राज्यात होते आणि बाळाचे जन्मवजन, पहिल्या लसी, प्रसूतीतील गुंतागुंत यांची माहिती तिथेच राहते. मूल तीन-चार महिन्यांचे झाल्यावर ती परतते, तेव्हा ६, १० आणि १४ आठवड्यांना द्यायच्या लसींपैकी कोणत्या झाल्या, याचा पुरावा म्हणजे तिच्याकडचे कार्ड, आणि ते बहुधा गावच्या पेटीत असते. वस्तीतील आरोग्य स्वयंसेविकेच्या वहीत तिच्या नावापुढे ‘गावी’ असा शेरा पडलेला असतो. ती परतल्याचे कळण्यासाठी पुन्हा घरोघरी फिरण्यावाचून दुसरा मार्ग नसतो.

याचा परिणाम २०२२ च्या अखेरीस ठळकपणे दिसला. मुंबईत गोवराची साथ आली आणि तिचा मोठा तडाखा गोवंडीसारख्या दाट वस्त्यांना बसला. गोवराच्या लसीचे दोन डोस ९ महिने आणि १६ ते २४ महिने या वयांत द्यावे लागतात आणि साथ रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. कोविडच्या काळात लसीकरण विस्कळीत झाले होते आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुले त्याआधीच यादीतून निसटत होती. जी वस्ती सर्वाधिक दाट, तिथेच लस न मिळालेली मुले गोळा झालेली असली, की गोवर झपाट्याने पसरतो. त्या वेळी ९ महिन्यांखालील बालकांनाही एक जादा डोस देण्याचा निर्णय घ्यावा लागला.

शहरातल्या शहरात तुटणारी साखळी

जी स्त्री गावी जात नाही, तिचीही सेवा अखंड असतेच असे नाही. आरोग्य केंद्रात नोंदणी, प्रसूतिगृहात तपासणी, सोनोग्राफी अन्यत्र आणि गुंतागुंत आढळली तर मोठे रुग्णालय, असा प्रवास होतो. सकाळी केसपेपरसाठी रांग, रक्त देण्यासाठी दुसरी रांग, अहवालासाठी पुन्हा दुसऱ्या दिवशी येणे, यात एका तपासणीला दोन दिवसांची मजुरी जाते. रक्तदाब वाढला म्हणून वर पाठवलेल्या स्त्रीच्या हातात एक चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीवर कोणते औषध कधी दिले हे लिहिलेले नसेल, तर वरच्या रुग्णालयातील डॉक्टरला सुरुवातीपासून सर्व तपासावे लागते. तिथे पहिला प्रश्न ‘नाव कुठे घातले आहे?’ हा असतो, आणि त्या उत्तरावरून तिला आपलेपणाची वागणूक मिळते की परकेपणाची, हे अनेकदा ठरते.

पैशांच्या योजनांनाही हीच मर्यादा आहे. जननी सुरक्षा योजनेतून महाराष्ट्रातील शहरी पात्र मातेला ६०० रुपये मिळतात. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात सिझेरियनसह प्रसूती, औषधे, आहार आणि वाहतूक मोफत आहे. २०१७ च्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आहेत. तथापि लाभ मिळण्यासाठी आधार, बँक खाते, नोंदणी आणि लसीकरण या सर्व कागदांचा मेळ बसावा लागतो. आधारवर सासरचे नाव नाही, पत्ता गावचा आहे आणि लसीची नोंद दुसऱ्या राज्यात आहे, अशा स्त्रीचा अर्ज अडकतो, आणि नेमकी तीच सर्वाधिक गरजू असते.

अंगणवाडीतील वजनकाटा

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. मुंबईतील अंगणवाडी बहुधा भाड्याच्या एका खोलीत भरते. तिथे महिन्यातून एकदा बाळाला काट्याला लावलेल्या झोळीत ठेवून वजन घेतले जाते आणि वाढीच्या तक्त्यावर वयासमोर एक ठिपका मांडला जातो. ठिपके जोडणारी रेषा हिरव्या पट्ट्यात वर चढत असेल तर वाढ ठीक. ती आडवी झाली तर मूल अजून हिरव्या पट्ट्यात असले तरी इशारा समजायचा. दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टीही असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषित मानले जाते.

इथेही उपयोग सलग ठिपक्यांचाच. दोन महिने गावी गेलेल्या मुलाच्या तक्त्यात मध्ये मोकळी जागा राहते आणि रेषा नेमकी कधी आडवी झाली ते कळत नाही. शिवाय दोन वर्षांखालचे मूल अंगणवाडीत बसत नाही. आई कामावर गेल्यावर ते आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते आणि त्याच्या हातात पाच रुपयांचे चटपटीत पाकीट असते. त्यातून पोट भरल्यासारखे वाटते, पण वाढीला लागणारी प्रथिने आणि लोह मिळत नाही. सहा महिन्यांनंतर वरचा आहार दिवसातून अनेकदा आणि थोडा थोडा भरवावा लागतो. त्यासाठी आहाराच्या माहितीपेक्षाही भरवणारे मोठे माणूस घरी असण्याची गरज अधिक असते.

खेड्यातील यश शहरात का उतरले नाही

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत उभी केली आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २०१० साली झारखंड व ओडिशातील ‘एकजुट’च्या प्रयोगात महिलांच्या गटचर्चांमुळे हा दर जवळपास एक तृतीयांशाने कमी झाला. मुंबईत शीव रुग्णालयाच्या माजी अधिष्ठाता डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या ‘स्नेहा’ संस्थेने ४८ वस्त्यांत असाच महिलागटांचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा गट असलेल्या आणि नसलेल्या वस्त्यांत सेवांच्या वापरात लक्षणीय फरक आढळला नाही.

हा प्रयोग फसला असे म्हणण्यापेक्षा त्यातून काय कळते ते पाहणे उपयुक्त आहे. खेड्यात दवाखाना दूर होता आणि घरच्या घरी योग्य काळजी मिळाली की जीव वाचत होते. मुंबईत मात्र बहुतेक बाळंतपणे आधीच रुग्णालयांत होत होती. स्त्रियांना जाण्याची गरज पटवून देण्यास फारसा वाव उरला नव्हता. गटात बसणाऱ्या स्त्रिया वस्ती बदलत होत्या, शेजार अनोळखी होता आणि खरी उणीव सेवेच्या दर्जात आणि सातत्यात होती, जी केवळ चर्चेने भरून निघणारी नव्हती.

सातत्य कशाने येईल

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने सुमारे ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि २०० ते ५०० घरांमागे एक आशा, असे प्रमाण ठरवले. हे मनुष्यबळ आवश्यकच आहे, पण त्यांच्या कामाची आखणीही शहराच्या वस्तुस्थितीनुसार बदलावी लागेल. नोंदणीच्या वेळीच ‘बाळंतपण कुठे करणार?’ हे विचारून गावी जाणाऱ्या स्त्रीला तपासण्यांचा संपूर्ण गोषवारा हाती देणे, तिचा माता-बालक नोंदणी क्रमांक गावच्या आशेला कळवणे, मे महिन्याच्या सुटीनंतर आणि दिवाळीनंतर वस्तीत परतलेल्या बालकांची ठरवून मोजणी करणे, संध्याकाळी तपासणीची वेळ ठेवणे, आणि वरच्या रुग्णालयात पाठवताना खालच्या डॉक्टरने दूरध्वनी करून जागा निश्चित करणे, ही कामे नव्या इमारतीविना होऊ शकतात. त्यांचा खर्च अतिदक्षता विभागाच्या तुलनेत किरकोळ आहे. मात्र ती कोणाची जबाबदारी आहे हे नेमून दिलेले नसल्याने ती कोणाकडूनच होत नाहीत. स्त्री कोणत्या वस्तीची वा कोणत्या राज्याची, हे न पाहता ती आज ज्या केंद्राच्या हद्दीत आहे, त्या केंद्राने तिला आपली मानावे, हा नियम झाला तर उरलेल्या सुधारणांना पाया मिळेल.

इतके करूनही मूल वारंवार जुलाबाने आजारी पडत राहिले, तर खाल्लेले अन्न अंगी लागत नाही आणि वाढीची रेषा आडवीच राहते. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये अनधिकृत झोपडीत राहणाऱ्यांनाही पाणी नाकारता येणार नाही असे म्हटले. त्यानंतर नळ कुठवर पोहोचले आणि शौचालयांची स्थिती काय आहे, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.